दगडूचं म्हणणं

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरातली चारही माणसं गुडघे टेकून गाद्या हुंगत होती. उटण्याची वाटी ओट्यावर वाळत चालली होती, गीझरचं पाणी तापून पुन्हा निवलं होतं, खाली पोरांनी लवंगी माळ लावली होती, आणि आमच्या घरात एक वास होता. उग्र, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. तो येतोय हे सगळ्यांना कळत होतं, कुठून ते कळत नव्हतं. शेवटी शोध लावला सासूबाईंनी, कारण मुद्देमाल त्यांचाच होता. त्यांच्या आईच्या जुन्या नऊवारींची शिवलेली, पायाशी घडी करून ठेवलेली गोधडी. घडीच्या मधोमध बशीएवढा ओला डाग. आणि फ्रिजवर पुढचे पाय पोटाखाली घेऊन बसलेला दगडू, डोळे अर्धे मिटलेले.

"मुद्दाम केलंय," सासूबाई म्हणाल्या. "काल चकल्यांच्या परातीजवळून हाकलला ना मी त्याला. त्याचा राग काढलाय मेल्यानं."

दगडू हा आमचा बोका. पिवळा-पांढरा, सहा वर्षांचा, लहानपणीच नसबंदी झालेला. समोरच्या इमारतीचं बांधकाम चालू होतं तेव्हा खडीच्या ढिगाऱ्यात सापडला, म्हणून दगडू. सहा वर्षांत त्यानं एकदाही वाळूच्या ट्रेबाहेर काही केलं नव्हतं. आमच्या घरात त्याच्या ट्रेला सुरुवातीपासून 'वाळू' म्हणतात, आत वाळू नसली तरी. त्या दिवशी गोधडी धुतली, उन्हात घातली, विषय संपला असं मानून आम्ही फराळाला बसलो. पाडव्याला मुलीची कॉलेजची बॅग गेली. मग दारातलं पायपुसणं. मग रद्दी. मग पुन्हा गोधडी. गंमत म्हणजे शी तो अगदी नेमानं वाळूतच करत होता आणि सभ्यपणे झाकतही होता. त्यामुळे सासूबाईंचा सिद्धांत आणखी पक्का झाला. 'एवढं कळतं, मग तेवढं कळत नाही होय?'

पुढच्या दोन-तीन महिन्यांत मी मांजर पाळणाऱ्या ओळखीतल्या झाडून सगळ्यांना याबद्दल विचारलं. लग्नसमारंभात, बँकेच्या रांगेत, फोनवर. जवळजवळ प्रत्येकाकडे एक तरी अशी गोष्ट निघाली आणि बहुतेकांनी ती खालच्या आवाजात सांगितली, घरातल्या माणसाच्या व्यसनाबद्दल सांगतात तशी. कारण मात्र सगळ्यांनी एकच दिलं: राग. नवीन सून आली म्हणून, गावाला गेलो म्हणून, मासे आणले नाहीत म्हणून. यात मांजराचा दोष कमी आणि आपल्या भाषेचा जास्त आहे असं मला वाटू लागलं. आपल्या म्हणींमध्ये मांजर कायम आरोपीच्या पिंजऱ्यात. डोळे मिटून दूध पिणारं मांजर, शिंकं तुटायची वाट बघणारं मांजर, आडवं जाणारं मांजर. कुत्र्याला निदान इमानाचं प्रशस्तिपत्र तरी मिळालंय.

ज्या डॉक्टरबाईंकडे आम्ही दगडूला नेतो त्यांनी हा सिद्धांत ऐकून घेतला आणि त्यावर काहीही न बोलता विचारलं, की तो बसून करतो की उभ्यानं?

हा प्रश्न आम्हाला कधी सुचलाच नव्हता. मांजराचं बाहेर मुतणं म्हणजे एक गोष्ट नव्हे, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोका उभा राहून, शेपूट ताठ वर करून, तिचं टोक थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर मागच्या बाजूनं पिचकारी मारतो, तेव्हा त्याला लघवी लागलेली नसते. ती पाटी लावण्याची रीत: इथे मी राहतो. मादीही हे करते, कमी प्रमाणात. नसबंदी केली की दहापैकी जवळजवळ नऊ बोक्यांची ही सवय सुटते किंवा पार कमी होते, म्हणून त्या दुखण्यावरचा पहिला इलाज ठरलेला. पण मांजर जमिनीवर, गादीवर, कपड्यांच्या ढिगावर खाली बसून करत असेल तर प्रकरण वेगळं. तिथे विचारायचं, की त्याला नेहमीची जागा का नकोशी झाली? आणि त्याही आधी विचारायचं, की त्याला काही दुखतंय का?

मग लघवीचा नमुना. मांजराकडून नमुना कसा मिळवतात हे वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल, म्हणून सांगते. ट्रे धुऊन कोरडा करायचा, त्यात काहीच न शोषणारे खडे पसरायचे (आम्ही फिशटँकसाठी मिळतात ते, स्वच्छ धुऊन), मांजराला त्या ट्रेसकट एका खोलीत कोंडायचं आणि वाट पाहायची. काम झालं की ट्रे तिरपा करून सिरिंजनं ओढून घ्यायचं. माझा नवरा कामावर सुट्टी टाकून न्हाणीघराच्या दाराशी पाच तास बसला होता. साहेबांना कारण काय सांगितलं ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही. ज्यांना हे जमत नाही त्यांच्या मांजराच्या पोटातून डॉक्टर सोनोग्राफीवर बघत सुईनं नमुना काढतात, आणि जंतू आहेत का हे बघायला तोच खरा नमुना.

निकालात विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवी किती दाट आहे त्याचं माप, आलं १.०५८. माणसाचं साधारण १.०१० ते १.०२५ च्या आसपास फिरतं. मांजराचं मूळ आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या रखरखीत मुलखातल्या रानमांजरात. पाण्याचा थेंबन् थेंब वाचवणारं मूत्रपिंड ही त्याची वडिलोपार्जित इस्टेट. तहान त्याला मुळातच कमी, कारण उंदराच्या अंगात सत्तर टक्के पाणीच असतं. शिकार खाल्ली की पाणी प्यायल्यासारखंच. त्याच प्राण्याला आपण दहा टक्केसुद्धा ओल नसलेल्या कोरड्या गोळ्या घालतो आणि शेजारी वाटीभर पाणी ठेवून निश्चिंत होतो.

वासाचं रहस्यही याच काटकसरीत आहे. मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ताज्या लघवीला त्यामुळे फारसा वास नसतो; तासन् तास पडून राहिली की ते फुटतं आणि त्यातून गंधकाची उडून जाणारी संयुगं सुटतात. मूत्रपिंडातलं कोणतं प्रथिन हे फेलिनीन बनवायला लावतं ते जपानच्या मासाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं. नसबंदी न झालेल्या बोक्यात त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त, आणि जिन्याखालच्या बोक्याचा वास वेगळा का, याचं उत्तर तेच. पिकलेल्या गुलाबी पेरूच्या वासातही याच कुळातले गंधकाचे रेणू असतात. हे वाचल्यापासून आमच्या मुलीनं पेरू सोडला आहे.

दगडूच्या नमुन्यात रक्त होतं. जंतू नव्हते, खडा नव्हता. म्हणजे त्याला खरंच दुखत होतं, आणि आम्ही तीन आठवडे त्याच्यावर ओरडत होतो.

इथे मला साताऱ्याच्या आजोळचा मन्या सांगितला पाहिजे. वाड्याच्या मागे न्हाणीच्या पलीकडे चुलीतली राख टाकायचा खड्डा होता. घरातली सगळी मांजरं तिथे जायची. पंजानं खळगा करायचा, काम उरकायचं, वर राख ओढायची. कोणी शिकवलेलं नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना एका उन्हाळ्यात मन्या दिवसभर त्या राखेत जाऊन बसू लागला. बसायचा, कण्हायचा, उठायचा, दोन पावलं जाऊन पुन्हा बसायचा. पोट साफ होत नाही असं ठरवून आजीनं त्याला बोटानं एरंडेल चाटवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं खाणं सोडलं, तिसऱ्या दिवशी तो कोठीच्या अंधारात गार होऊन पडलेला सापडला. कोणीतरी काहीतरी घातलं, असं सगळे म्हणाले. शेजारच्या घराशी त्यावरून बरेच दिवस बोलणं बंद होतं.

आज मला वाटतं, त्याला कोणी काही घातलं नव्हतं. बोक्याचा मूत्रमार्ग मादीपेक्षा लांब आणि टोकाला फारच अरुंद. सुजेनं, चिकट गाळानं किंवा बारीक खड्यानं तो बुजला की मूत्राशय दगडासारखं टणक होतं, लघवी साचते, मूत्रपिंडं बंद पडू लागतात, रक्तातलं पोटॅशियम चढत जातं आणि शेवटी हृदय थांबतं. एवढ्याला दोन-तीन दिवस पुरतात. वेळेत नेलं तर भूल देऊन नळी घालतात, सलाईन लावतात, आणि बहुतेक बोके वाचतात. म्हणून या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका: बोका वाळूत पुन्हापुन्हा जाऊन बसतोय आणि थेंबही पडत नाही, तर ती बद्धकोष्ठता समजू नका आणि सकाळची वाट पाहू नका. रात्रीच डॉक्टर गाठा. आणि घरातली पॅरासिटामॉलची गोळी त्याला चुकूनही देऊ नका. ती पचवायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच; माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

दगडूचं बुजलं नव्हतं. त्याच्या दुखण्याच्या नावात 'इडिओपॅथिक' असा शब्द होता. त्याचा अर्थ कारण ठाऊक नाही. डॉक्टरांच्या भाषेतलं 'देव जाणे'. दहा वर्षांखालच्या ज्या मांजरांना लघवीचा त्रास होतो त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना हेच निघतं. जंतुसंसर्ग या वयात क्वचित, त्यामुळे दरवेळी अँटिबायोटिक देण्यात अर्थ नसतो. सूज बहुधा आठवडाभरात आपोआप उतरते, गोळीनं गुण आला असं आपल्याला वाटतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती परत येते.

या दुखण्यावर ओहायो स्टेट विद्यापीठातले पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही मांजरं मूत्राशयाची रोगी नसून ताणाची रोगी आहेत. मूत्राशय ही फक्त दुखणं बाहेर पडण्याची जागा. २०११ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मांजरांना काहीच केलं नव्हतं, फक्त त्यांचं वेळापत्रक मोडलं होतं. जेवणाची वेळ बदलली, रोजचं माणूस आलं नाही, वेगळाच कोणी हाताळायला आला. एवढ्यानं आजारी मांजरांनीच नव्हे, धडधाकट मांजरांनीही खाणं टाकलं, ओकाऱ्या काढल्या, वाळूबाहेर घाण केली. बफिंग्टन यांनी या सगळ्याला 'पँडोरा सिंड्रोम' असं नाव सुचवलं. पेटी उघडावी आणि एकामागून एक दुखणी बाहेर यावीत, तसं. वाळूच्या पेटीवरून सुरू झालेल्या विषयाला ग्रीक पेटीचं नाव मिळालं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं की नाही कोण जाणे.

डॉक्टरबाईंनी मला एक कागद दिला आणि गोधडीआधीच्या पंधरा दिवसांत घरात काय काय बदललं ते लिहायला सांगितलं. मी लिहायला बसले आणि लिहितच गेले. हॉलला रंग काढला होता. सोफा या भिंतीचा त्या भिंतीला गेला होता. दगडूची झोपायची खुर्ची पॉलिशला दिली होती. माळ्यावरचं सामान उतरवून धुऊन पुन्हा चढवलं होतं. नणंद दोन मुलांसह आली होती, आणि धाकट्याला मांजराचं शेपूट धरायची हौस. वाळूचा ट्रे पाहुण्यांना दिसू नये म्हणून न्हाणीघराशेजारून उचलून मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशिनच्या कुशीत ठेवला होता. वास येऊ नये म्हणून नेहमीची माती बदलून लॅव्हेंडरच्या वासाची आणली होती. धनत्रयोदशीच्या रात्री बाल्कनीच्या थेट खाली सुतळी बॉम्ब फुटत होते.

म्हणजे आम्ही दिवाळी केली होती. दगडूच्या बाजूनं पाहिलं तर त्याचा मुलूख चार दिवसांत कोणीतरी लुटून नेला होता, आणि मोकळं व्हायची जागा नेमकी आघाडीवर हलवली होती. त्यात जळजळ. दुखतं ते वाळूत बसलं की दुखतं, एवढं त्याला समजलं. दुखणं आपल्या आत आहे हे त्याला कोण सांगणार? मग वाळू सोडून दुसरीकडे बघावं. मऊ, पायाला न टोचणारं, ओल लगेच शोषणारं, आणि ओळखीच्या माणसाच्या वासाचं. अशी आमच्या घरात एकच वस्तू होती.

सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझाच वास त्याला बरा वाटला म्हणायचा."

आता त्या मातीविषयी. 'कॅट लिटर' नावाचा प्रकार जगात आला तो १९४७ च्या जानेवारीत, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिस या छोट्या गावात. तिथे कडाक्याच्या थंडीत एका बाईंच्या अंगणातला वाळूचा ढीग गोठला. त्या मांजरासाठी राख वापरू लागल्या, तर मांजर घरभर काळी पावलं उमटवू लागलं. (आजीच्या वाड्यातही हाच त्रास होता, पण जमीन शेणानं सारवलेली असल्यानं कोणाला दिसत नव्हता.) त्या शेजारच्या एडवर्ड लो या तरुणाकडे वाळू मागायला गेल्या. त्याच्या वडिलांचा कारखान्यात सांडलेलं तेल टिपून घेणारा माल विकायचा धंदा होता. लोनं वाळूऐवजी वाळवलेली माती दिली. बाई खूश झाल्या, परत आल्या, मैत्रिणींना घेऊन आल्या. लोनं पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या, वर 'किटी लिटर' असं हातानं लिहिलं आणि ६५ सेंट किंमत लावली. वाळू फुकट मिळत असताना पैसे कोण देईल, असं दुकानदारानं विचारलं; तर मग फुकट वाटा, असं त्यानं सांगितलं. ती माती होती 'फुलर्स अर्थ'. आपल्याकडे आयाबाया चेहऱ्याला लावतात ती मुलतानी माती!

लघवी पडली की घट्ट गोळा होणारी माती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९८४ मध्ये, थॉमस नेल्सन या अमेरिकी जीवरसायनतज्ज्ञानं काढली. ती बेन्टोनाइट. आपल्या देशात ती मुख्यतः कच्छमधून येते, आणि तिथून मांजरांसाठी परदेशातही जाते. कोल्हापूरचे माझे मामा आमच्याकडे आले असताना त्यांनी ट्रेमधली चिमूटभर बोटांत चोळून पाहिली (मी थांबवायच्या आत) आणि म्हणाले, "अगं, ही तर आमची मोल्डिंगची." त्यांचं सगळं आयुष्य शिरोलीच्या फाउंड्रीत गेलं. ओतकामाच्या साच्यातली वाळू एकमेकीला धरून ठेवायला हीच माती लागते. त्यांच्या मते भाव मात्र मांजराला जास्त लावलेला आहे.

मातीच्या बाबतीत बहुतेक मांजरांची पसंती ठरलेली: बारीक, गोळा होणारी आणि बिनवासाची. लॅव्हेंडर आपल्या नाकासाठी असतं. मांजराला ते म्हणजे संडासात कोणी अत्तराची बाटली फोडल्यासारखं. आम्ही जुनी माती परत आणली. ट्रेही बदलला, कारण दुकानात मिळतात ते ट्रे पिल्लांच्या मापाचे असतात. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडख्यापर्यंतच्या लांबीच्या दीडपट ट्रे हवा, म्हणजे त्याला आत वळता येतं. आम्ही बोहारणीच्या मागे न लागता सरळ गाद्या ठेवायचा प्लॅस्टिकचा मोठा डबा आणला आणि त्याची एक बाजू करवतीनं खाली उतरवली. दगडू म्हातारा झाल्यावर याचा जास्त उपयोग होईल. सांधे धरले की वयस्क मांजराला उंच कड चढवत नाही आणि ते कडेशीच बसतं. म्हाताऱ्या मांजराचं मुतणं वाढलं तर मूत्रपिंड, मधुमेह, थायरॉइड हे आधी तपासून घ्यावं लागतं, तो वेगळा विषय.

दगडूच्या मानानं मला डोंबिवलीचं प्रकरण अवघड वाटलं. तिथल्या एका ओळखीच्या बाईंकडे तीन मांजरं आणि तीन ट्रे. तरी सगळ्यात गरीब मांजरी रोज देवघरासमोर करायची. मी मुद्दाम एक रविवार त्यांच्याकडे जाऊन बसले. तिन्ही ट्रे एका ओळीत, संडासात. संडासाकडे जायला अरुंद बोळ, आणि बोळाच्या तोंडाशी चटईवर मोठी मांजरी लोळत पडलेली. भांडण नाही, गुरगुरणं नाही, पंजा उगारणं नाही. ती नुसती तिथे होती. गरीब मांजरी तीनदा बोळापर्यंत आली, थबकली, अंग चाटायचं नाटक करून परत गेली. चौथ्यांदा देवघराकडे वळली. मांजरं जितकी त्यापेक्षा एक जास्त ट्रे असावा हा नियम डॉक्टर सांगतात, पण शेजारी शेजारी ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच ट्रे, आणि त्या एकाच वाटेवर नाकेदार बसलेला. बाईंनी एक ट्रे बेडरूमच्या कोपऱ्यात नेला. देवघर तेव्हापासून कोरडं आहे. 'देवापुढेच का करते' याची जी आध्यात्मिक उत्तरं त्यांना बिल्डिंगमध्ये मिळाली होती, ती त्यांनी मला चहाबरोबर सांगितली. इथे लिहीत नाही.

न्यू जर्सीतली माझी भाची गरोदर राहिली तेव्हा तिच्या मांजरानं कार्पेट धरलं. तिकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, त्याखाली फोम, त्याखाली लाकूड. आपल्या मोझॅइक फरशीचं मोल मला तेव्हा कळलं. इकडून तिची आजी रोज फोनवर सांगत होती, मांजर बाहेर काढ, पोटातल्या बाळाला रोग होतो. आजीचं अगदीच खोटं नव्हतं. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो आणि गर्भाला तो घातक ठरतो. पण विष्ठा पडल्यापासून तो संसर्ग करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस, कधी कधी पाच दिवस लागतात. ट्रे रोज साफ झाला आणि तो गरोदर बाईऐवजी दुसऱ्यानं केला, तर धोका फार कमी उरतो. घरातच राहणाऱ्या, कच्चं मांस न खाणाऱ्या मांजराकडून तर आणखी कमी. कच्चं मांस आणि न धुतलेली भाजी हेही त्या रोगाचे मोठे रस्ते आहेत. मांजर राहिलं. ट्रे जावयाकडे गेला, आणि मूल दीड वर्षाचं झालं तरी अजून त्याच्याकडेच आहे.

धुण्याचं आमचं शास्त्र तर पार चुकलं होतं. सासूबाई डागावर काळं फिनेल ओतत. फिनेलमधली फिनॉलवर्गातली द्रव्यं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत. फरशीवरून चालून आलेलं मांजर पंजे चाटतं आणि ते पोटात जातं. मी ब्लीच टाकत होते, तर जुन्या लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घसा धरणारा वायू निघतो. न्हाणीघरात मला ठसका का लागायचा ते तेव्हा कळलं. अमोनियाचा वास असलेलं कुठलंही द्रावण वापरणं म्हणजे तर मांजराला पत्ता लिहून देणं. खरं काम करतात ती एन्झाइमवाली द्रावणं, आणि तीही डाग पुरता भिजवून, तासन् तास ओला ठेवून. नुसतं पुसून नाही. मुलीनं अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मागवला. रात्री दिवे घालवून तो हॉलमध्ये फिरवला तेव्हा पिवळसर हिरवे डाग एकेक करून उजळू लागले: सोफ्याच्या मागे, शू-रॅकच्या खाली, हार्मोनियमच्या गवसणीवर. नवरा म्हणाला, लक्ष्मीपूजनाची रोषणाई आत्ता झाली.

पाणी वाढवायचं म्हणून कोरड्या गोळ्यांत कोमट पाणी घालू लागलो. दुपारी चिकनचं नुसतं पाणी. कांदा, लसूण, मीठ काही नाही, कारण कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. पाण्याच्या वाट्या तीन ठिकाणी ठेवल्या. त्याची खुर्ची पॉलिशहून परत आली, पण वास पुसून आली, म्हणून तिच्यावर त्याचं जुनं फडकं घातलं. फ्रान्समध्ये मांजराच्या गालावरच्या गंधाची नक्कल करून बनवलेलं एक यंत्र मिळतं, डासांच्या मशिनसारखं प्लगला लावायचं. काहींना त्याचा उपयोग होतो, काहींना नाही. आम्हाला झाला की नाही ते सांगता येत नाही, कारण आम्ही सगळं एकाच वेळी केलं. अगदीच हटत नसेल तर माणसांना उदासीनतेवर देतात ते फ्लुओक्सेटिन मांजरालाही देतात, डॉक्टरच्या देखरेखीखाली. ती वेळ आली नाही.

तरी हे सरळ रेषेत झालं नाही. माघात एक मोठ्या डोक्याचा बोका रोज पहाटे समोरच्या कठड्यावर येऊन बसू लागला आणि दगडूनं बाल्कनीच्या पडद्यावर, यावेळी उभ्यानं, पिचकारी मारली. काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला आम्ही धुरकट कागद चिकटवला. बोका दिसेनासा झाला, पडदा वाचला. मे महिन्यात लोडशेडिंगच्या आठवड्यात पुन्हा एकदा गोधडी भिजली. त्या दिवशी माझ्या एका नातेवाइकांनी, अगदी मदत म्हणून, गाडी देऊ केली. पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येऊ, मंडईत मासे खाऊन राहील. आपल्याकडे मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं असं म्हणतात, म्हणून मारत कोणी नाही. पोत्यात घालून नदीपलीकडे सोडतात. त्याला दान नाही. मात्र पाळीव प्राणी असा सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. मी हे सांगायला तोंड उघडलं, तोवर सासूबाईच म्हणाल्या, "त्याला दुखत असेल. उद्या नमुना काढा."

वाळूचा तो मोठा डबा आता हॉलमध्ये आहे, पुस्तकांच्या कपाटाला लागून, येणाऱ्या-जाणाऱ्याला सरळ दिसेल असा. पाहुणे आधी त्याच्याकडे बघतात, मग आमच्याकडे. सासूबाई रोज सकाळी चहाआधी खुरपणीसारखं ते जाळीचं फावडं घेऊन डब्याशी बसतात आणि गोळे काढतात. निरोगी मांजराचे दिवसाकाठी दोन-चार गोळे होतात, लिंबाएवढे किंवा थोडे मोठे. पाच-सहा बारके बारके निघाले की त्रास सुरू झाला म्हणायचं. एकही निघाला नाही की रिक्षा बोलवायची. कॅलेंडरच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, त्या तो आकडा लिहून ठेवतात.

यंदा रंग नाही. सोफा जिथे आहे तिथेच. नणंदेला भाऊबीजेला या म्हटलंय, एक दिवस. चार रात्री खिडक्या बंद करून आतल्या खोलीत दगडूचं अंथरूण, पाणी आणि दुसरा छोटा डबा ठेवायचा, रेडिओ हळू आवाजात लावायचा, असं ठरलंय. सोबत कोण बसणार यावर घरात जरा बोलणं झालं. सासूबाईंनी ते संपवलं; त्यांनी गोधडी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन पसरली. आज सकाळचा आकडा तीन.